बागेचा माग आहे, भावाचा नाही: ग्रेपनेट नोंदणी सेवेचे परीक्षण

युरोपात द्राक्षे पाठवायची असतील, तर बागेची नोंदणी ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर असावीच लागते. कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘अपेडा’, ही प्रणाली 2006 पासून चालवते आणि महाराष्ट्रात तिचे बांधावरचे काम राज्याचा कृषी विभाग करतो. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील एक लहान बागायतदार म्हणून मी ही सेवा वापरतो. गेल्या काही हंगामांत द्राक्षशेतीची जी आर्थिक ओढाताण झाली आहे, तिच्यात सरकारी मदतीपैकी नेमके काय बागेपर्यंत पोहोचते हे पाहताना परीक्षण करण्याजोगी सेवा मला हीच वाटली. अनुदाने जाहीर होतात आणि मुदत संपली की बंद पडतात, कर्जाच्या सवलतींच्या मर्यादा बदलत राहतात; परदेशी बाजाराचे दार उघडे ठेवण्याचे काम मात्र या नोंदणीने आजवर सातत्याने केले आहे. त्या दारातून गेलेल्या मालाचे बागायतदाराला काय मिळाले, याची नोंद तिच्यात कोठेही नाही, ही तिची उणीवही तेवढीच ठळक आहे.

ही सेवा संकटातून जन्माला आली. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि खरेदीदारांचा विश्वास डळमळला. त्यानंतर अंश तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुण्याजवळ मांजरी येथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळेकडे संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली आणि पुढे प्रत्येक बागेला स्वतंत्र क्रमांक देणारी संगणकीय व्यवस्था उभी राहिली. हाच साचा नंतर डाळिंब, आंबा आणि भाजीपाला यांनाही लावण्यात आला. आज देशातून जाणाऱ्या ताज्या द्राक्षांचा आकडा पाहिला, तर 2023-24 मध्ये सुमारे 3.44 लाख टन माल निर्यात झाला आणि त्याची किंमत सुमारे 3,460 कोटी रुपये होती. हा सगळा माल युरोपात जात नाही. रशिया, संयुक्त अरब अमिराती आणि बांगलादेश हेही मोठे गिऱ्हाईक आहेत. तरीही भारतीय द्राक्षाची जी पत बाजारात आहे, ती युरोपच्या तपासणीतून उतरल्यामुळे आहे, असे माझे मत आहे.

यात सांगली जिल्ह्याचे स्थान थोडे वेगळे आहे. युरोपच्या निर्यातीत नाशिक फार पुढे आहे आणि तो आघाडीवर राहणार, हे मान्य करायला हरकत नाही. आपल्याकडे तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भाग आणि जत येथील बराच माल बेदाण्याकडे वळतो किंवा चार किलोच्या पेटीतून देशी बाजारात जातो. खानापूर घाटमाथ्यावरील पळशीसारखी गावे मात्र निर्यातीसाठीच ओळखली जातात. त्यामुळे नोंदणी करावी की नाही, हा प्रश्न नाशिकच्या बागायतदाराला पडत नसेल इतका आपल्याला दरवर्षी पडतो.

नोंदणीची पद्धत किचकट नाही. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात सातबारा, आठ-अ आणि बागेचा नकाशा जोडून अर्ज करता येतो. 2017 पासून मोबाइल ॲपवरूनही अर्जाची सोय आहे. नोंदणी शेतकऱ्याची नसून प्लॉटची असते, म्हणजे एकाच मालकाच्या दोन बागा असतील तर दोन क्रमांक मिळतात, आणि ती दर हंगामाला नव्याने करावी लागते. कृषी विभागाचा अधिकारी बागेत येऊन पाहणी करतो. फवारणीची वही ठेवणे बंधनकारक असते आणि मांजरीच्या केंद्राने प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत औषधांची जी यादी असते, तिच्यातच फवारणी बसवावी लागते. प्रत्येक औषधापुढे काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हे दिलेले असते. आपल्याकडे ही यादी ‘अनेक्श्चर पाच’ या नावाने ओळखली जाते, आणि ज्याच्या घरी ती भिंतीवर लावलेली नाही त्याने निर्यातीचा विचार न केलेला बरा.

या यादीचा खरा फायदा मला परदेशी भावापेक्षा खर्चात दिसला. फळछाटणीपासून काढणीपर्यंत डाउनी, भुरी, करपा आणि थ्रिप्स या रोग-किडींच्या धास्तीने आपण किती फवारण्या करतो, याचा हिशेब वही ठेवल्याशिवाय लागत नाही. वही ठेवली की आदल्या आठवड्यात मारलेलेच औषध दुसऱ्या नावाने पुन्हा मारले जात असल्याचे समोर येते. विशेष काळजी घ्यावी लागते ती दुकानात ‘बायो’ म्हणून मिळणाऱ्या आणि बाटलीवर घटकांचा पत्ता नसलेल्या द्रावणांची. काढणीच्या तोंडावर अशी एक बाटली फवारली आणि तिच्यात काही मिसळलेले निघाले, तर सहा महिन्यांची शिस्त वाया जाते. ज्या रसायनासाठी युरोपने स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम हीच मर्यादा लागू होते. एकेकाळी बागेत सर्रास वापरले जाणारे क्लोरपायरीफॉसही 2020 पासून याच मर्यादेत आले. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेला फवाराही महागात पडू शकतो.

काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी बागेत येतो, निरनिराळ्या ओळींतून घड घेऊन नमुना तयार करतो आणि प्रयोगशाळेत शेकडो रसायनांसाठी त्याची तपासणी होते. अहवाल समाधानकारक आला, तरच त्या क्रमांकाचा माल मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्ये, म्हणजे निवड करून पेटीबंद करण्याच्या केंद्रात, घेता येतो. पुढे ॲगमार्क प्रतवारी, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि कंटेनर या सगळ्या पायऱ्यांना तोच क्रमांक चिकटलेला राहतो. रॉटरडॅमच्या गोदामात एखाद्या पॅलेटविषयी शंका आली, तर त्यातील माल कोणत्या गावातील कोणत्या प्लॉटचा आहे हे शोधता येते. सरकारी कामात इतक्या दूरवर धागा न तुटता टिकलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे.

या व्यवस्थेचा कस 2010 मध्ये लागला. वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार लिहोसिन म्हणून ओळखतात, त्याचे अंश युरोपात भारतीय द्राक्षांत सापडले. हे रसायन तोपर्यंत आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. प्रमाणपत्र असलेला माल बंदरात अडकला आणि अनेक बागायतदारांचे पैसेही त्याच्याबरोबर अडकले. नंतर ते रसायन यादीत आले आणि तपासणीची व्याप्ती वाढत गेली. त्या वर्षाचा तोटा कोणी सोसायचा, याचे उत्तर मात्र व्यवस्थेत नव्हते आणि आजही नाही. निर्यातदाराचे करार असतात आणि वजनदार निर्यातदाराकडे विमाही असतो. बागायतदाराकडे फक्त उचलीची, म्हणजे आगाऊ रकमेची, चिठ्ठी असते.

नमुना मर्यादेबाहेर गेला, तर संदर्भ प्रयोगशाळा अंतर्गत इशारा काढते आणि तो प्लॉट युरोपच्या निर्यातीपुरता थांबतो. फेरतपासणीत नमुना योग्य ठरला की इशारा मागे घेतला जातो. कागदावर ही तरतूद न्याय्य आहे. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडचे ऊन पाहता पिकलेला माल फेरतपासणीची वाट पाहत वेलीवर राहत नाही. साखर चढते, मणी मऊ पडतो, आणि मग तो बेदाण्यासाठी रॅकवर जातो किंवा स्थानिक व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये. त्यातही एक अडचण आहे. व्यवहारात तपासणीची मागणी आणि तिचे शुल्क बहुतेक वेळा निर्यातदाराकडून होते, त्यामुळे अहवालही आधी त्याच्या हाती पडतो. एका हंगामात एका निर्यातदाराच्या माणसाने मला फोनवर ‘तुमचा माल बसला नाही’ एवढेच सांगितले. कोणते औषध, किती प्रमाणात, हे विचारूनही कळले नाही, आणि लगेच त्याच मालासाठी देशी भावाचा प्रस्ताव आला. त्याचे म्हणणे खरे असेलही; पण माझ्याच बागेविषयीचा अहवाल मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला, हे मला पटलेले नाही. अहवाल तयार होताच तो नोंदणीकृत मोबाइलवर मराठीत, रसायनाच्या नावासह आणि प्रमाणासह बागायतदाराला मिळाल्याशिवाय पुढचा व्यवहारच होऊ नये, अशी सोय या प्रणालीत असायला हवी.

मागोवा घेण्याची यंत्रणा म्हणून मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन. बागायतदाराला दिलेला आधार म्हणून पाहिले, तर अडीचच्या पुढे जाता येत नाही.

याचे कारण भावात आहे. ग्रेपनेटवर गावाचे नाव आहे, वाण आहे, क्षेत्र आहे, अपेक्षित उत्पादन आहे, प्रयोगशाळा आहे, पॅकहाउस आहे. सौदा कोणत्या दराने ठरला आणि पैसे कोणत्या तारखेला मिळाले, यासाठी जागा नाही. महाराष्ट्रात जुलै 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढण्यात आले. त्याचा हेतू शेतकऱ्याला बांधावर विकण्याची मोकळीक मिळावी हा होता आणि ती मोकळीक मिळालीही. पण बांधावर खरेदी करणाऱ्यावर समितीचा धाक राहिला नाही. आपल्या जिल्ह्यात हंगामाच्या शेवटी एखादा परप्रांतीय व्यापारी पैसे न देता निघून गेल्याची बातमी आली नाही, असे वर्ष क्वचितच जाते. निर्यातीत असा प्रकार कमी असला, तरी तेथे वजावटीचे मार्ग निराळे असतात. पॅकहाउसमध्ये काढलेले रिजेक्शन (नापसंत म्हणून बाजूला टाकलेला माल), युरोपात माल नरम पडल्याचा निरोप, जहाज उशिरा पोहोचल्याचे कारण, या प्रत्येकाने मूळ दर खाली येतो आणि यांतील एकही गोष्ट बागायतदाराला स्वतः पडताळून पाहता येत नाही.

जहाजाचे कारण खोटे असते असे नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला आणि भाडे वाढले. द्राक्ष हे वाट पाहणारे फळ नाही. याशिवाय युरोपात भारतीय द्राक्षांवर सुमारे 8 टक्के आयातशुल्क पडत आले आहे, तर चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेचा माल करारांमुळे शुल्काशिवाय जातो. शिवाय त्यांच्याकडे नवे, कुरकुरीत, टिकाऊ वाण आहेत आणि आपण अजून मुख्यतः थॉम्पसन या वाणावर उभे आहोत. ही सगळी कारणे खरी धरली, तरी त्यांचा भार कोणी किती उचलावा हे ठरवताना बागायतदार टेबलाशी नसतो.

सरकारने या काळात पैसे दिलेच नाहीत, असे म्हणणे चुकीचे ठरेल. केंद्राच्या वाणिज्य विभागाने 2019 मध्ये कृषिमालाच्या वाहतूक व विपणनासाठी साहाय्य योजना आणली, 2021 मध्ये तिचे दर वाढवले आणि 31 मार्च 2022 नंतरच्या निर्यातीला ती राहिली नाही. 1 जानेवारी 2021 पासून निर्यातमालावरील करांचा परतावा देणारी योजना लागू आहे. बांगलादेशने संत्र्यावरील शुल्क वाढवल्यावर राज्य सरकारने निर्यातीला किलोमागे 44 रुपयांची मदत जाहीर केली. द्राक्षालाही त्या देशाच्या वाढत्या शुल्काचा फटका बसलेला आहे. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे: पैसे ज्याच्या नावावर निर्यातीची कागदपत्रे आहेत त्याला मिळतात. त्यातून बागेतील दर वाढेल अशी अपेक्षा असते. काही निर्यातदार खरोखर वाढवून देतातही. पण ते त्यांच्या मर्जीवर राहते.

माझी मुख्य सूचना येथे येते. कोणत्या कंटेनरमध्ये कोणत्या प्लॉटचा किती माल गेला, हे ग्रेपनेटला आधीच माहीत असते. पीएम किसानचा हप्ता थेट खात्यात जमा करण्याची व्यवस्था सरकारकडे आहेच. मग निर्यात साहाय्याचा ठरावीक हिस्सा त्या प्लॉटच्या नोंदणीधारकाच्या खात्यात परस्पर जमा करण्यासाठी नवा सरकारी विभाग उघडावा लागत नाही की नवा कर्मचारी नेमावा लागत नाही. जहाजभाडे वाढले म्हणून मदत द्यायची असेल, तर ती भाडे भरणाऱ्याला द्यावी हे ठीक. परंतु बाजारभाव पडला म्हणून दिलेली मदत माल पिकवणाऱ्याला टाळून जाऊ नये. एवढा बदल झाला, तर ही नोंदणी परवान्यापुरती न राहता आर्थिक आधारही बनेल आणि निर्यातीपासून दूर राहिलेले तासगाव-जतचे अनेक बागायतदार आपण होऊन तिच्याकडे येतील.

बाकीच्या सरकारी सोयींविषयी थोडक्यात. पीक कर्ज वेळेवर फेडल्यास 3 लाखांपर्यंत व्याज लागत नाही, ही सवलत चांगली आहे. मात्र द्राक्षाच्या एकरी खर्चापुढे ती मर्यादा लवकर संपते. 2019 च्या कर्जमुक्तीत 2 लाखांवरील थकबाकी बसत नव्हती, म्हणून ज्यांचे कर्जच मुळात मोठे होते असे बागायतदार बाहेर राहिले. हवामानावर आधारित फळपीक विम्यात बागायतदाराचा हिस्सा साधारण 5 टक्के असतो, पण भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते आणि विम्याचा कालावधी फळछाटणीनंतरच्या जोखमींवर बेतलेला आहे. 2025 मध्ये मे महिन्यातच सुरू झालेल्या पावसाने काडीत घडनिर्मितीच नीट झाली नाही. असे नुकसान त्या चौकटीत कोठे बसवायचे, हा प्रश्न बागायतदार संघाच्या बैठकांत वारंवार निघतो. प्लास्टिक आच्छादनाला निम्मे अनुदान देणारी योजना दिशेने योग्य आहे, मात्र तिचा आवाका फार लहान आहे.

आता कोणी नोंदणी करावी, याविषयी. थॉम्पसन किंवा रंगीत वाणांची बाग असेल, विरळणी आणि मण्याची फुगवण वेळेवर करण्याइतके मनुष्यबळ असेल, आणि शेजारच्या बागायतदाराशी फवारणीविषयी बोलणे होत असेल, तर नोंदणी जरूर करावी; अर्ज फळछाटणीच्या सुमारासच द्यावा, शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. सुपर सोनाका हे वाण लावून देशी बाजारात विकणाऱ्याला तिचा थेट लाभ नाही. नोंदणी केली म्हणजे निर्यातदार मिळाला, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. सौदा ठरताना दर, रिजेक्शनचे निकष, उचलीची रक्कम आणि उरलेले पैसे मिळण्याची तारीख कागदावर लिहून घ्यावी. जो निर्यातदार हे लिहून देत नाही, त्याच्याकडे माल देण्यापेक्षा शेडवर बेदाणा टाकणे मला जास्त सुरक्षित वाटते.

बेदाण्याच्या बाबतीत सरकारी आधार वेगळ्या वाटेने येतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर लागत नसल्याचे स्पष्ट करण्यात आले, त्यामुळे सौद्यातील एक जुना वाद मिटण्यास मदत झाली. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बेदाणा ठेवून सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने रक्कम उचलता येते. भाव पडलेला असताना शीतगृहातील माल घाईने न विकण्यासाठी ही सोय उपयोगी आहे. सौद्यात माल दाखवताना होणारी उधळण आणि वजनात धरली जाणारी तूट यांवरचा असंतोष जुनाच आहे, आणि दिवाळीच्या सुमारास सौदे थांबवून सगळी बाकी चुकती करण्याच्या, म्हणजे झीरो पेमेंटच्या, प्रथेमुळे निदान एकदा तरी हिशेब पूर्ण होतो. अलीकडे चिनी बेदाणा आडमार्गाने देशात येऊन भाव पाडतो, अशी बागायतदारांची तक्रार आहे. तिची शहानिशा करायची, तर बाजारात आलेला बॉक्स कोठल्या शेडचा हे सांगणारा क्रमांक हवा, आणि बेदाण्याला तसा क्रमांक नाही. ग्रेपनेटसारखी नोंदणी बेदाण्यासाठी आणायचे कधी ठरलेच, तर अर्जाचा नमुना पक्का होण्याआधी त्यात दराचा आणि पैसे मिळाल्याच्या तारखेचा रकाना घालून घेण्यासाठी सांगली आणि तासगावच्या बाजार समित्यांनी आणि बागायतदार संघाने पुढे यावे.